संशोधनाला गुण देता, तर ते शिकवाही

प्रति,
मा. कला संचालक, कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई,
तसेच राज्यातील दृश्यकला, उपयोजित कला व डिझाइन अभ्यासक्रमांच्या अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,

सादर नमस्कार.

अंतिम वर्षाच्या परीक्षा संपल्या आहेत, डिस्प्लेच्या भिंती रिकाम्या झाल्या आहेत आणि नव्या सत्राचे वेळापत्रक अजून लागायचे आहे. अभ्यासक्रमाविषयी काही सांगायचे असेल तर हीच वेळ बरी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी काही महाविद्यालयांत अभ्यागत अध्यापक म्हणून शिकवते आणि बहिःस्थ परीक्षक म्हणून ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांचे अंतिम काम तपासणाऱ्या परीक्षक मंडळात, बसते. त्या खुर्चीवरून दरवर्षी जे दिसते त्यावरून एकच मागणी करायची आहे. अंतिम प्रकल्पात आपण संशोधनाला आणि सादरीकरणाला गुण देतो, पण ही दोन्ही कामे कशी करायची हे चार वर्षांत कुठल्याही तासाला शिकवत नाही. ती पहिल्या वर्षापासून, स्टुडिओतील कामाचाच भाग म्हणून आणि विद्यार्थ्याला ज्या भाषेत विचार करता येतो त्या भाषेत शिकवली जावीत.

शिकवले नाही तरी मागितले जाते, तेव्हा विद्यार्थी ती वस्तू कुठून तरी आणून हजर करतात. अंतिम वर्षाची जर्नल्स, म्हणजे प्रकल्पाच्या नोंदवह्या, चाळली की ती कुठून आली हे कळायला वेळ लागत नाही. पहिल्या पानावर विकिपीडियावरून उतरवलेली व्याख्या, मग पिंटरेस्टवरून घेतलेल्या चित्रांचा मूड बोर्ड, त्यानंतर ‘टार्गेट ऑडियन्स: वय १८ ते ३५, शहरी’ अशी एक ओळ, आणि शेवटी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरवलेल्या गुगल फॉर्मचे रंगीत गोल तक्ते. उत्तरे देणारे सगळे हॉस्टेलवरचे मित्र असतात, प्रकल्पाचा विषय सांधेदुखीवरचे तेल असला तरीही. अलीकडे यात कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या परिच्छेदांची भर पडली आहे. ते व्याकरणशुद्ध असतात आणि कोणत्याही प्रकल्पाला चिकटवता येतात. यात विद्यार्थ्यांचा आळस थोडा आहे, पण मुख्य कारण असे की संशोधनाची पाने अशीच दिसतात हे त्यांनी आधीच्या वर्षांच्या जर्नल्समधून पाहिलेले असते आणि त्या जर्नल्सना आपणच गुण दिलेले असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. उपयोजित कलेच्या एका विद्यार्थिनीने एसटी स्थानकासाठी दिशादर्शक फलकांचा प्रकल्प केला होता. मुलगी तालुक्याच्या गावची, सणासुदीला घरी एसटीनेच जाणारी. तिच्या संशोधनाच्या पानांवर तीन परदेशी विमानतळांची छायाचित्रे होती, एका प्रसिद्ध स्विस टाइपफेसचा, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणाचा, इतिहास होता आणि रंगांच्या मानसशास्त्रावर अर्धे पान होते. फलक नेटके होते आणि विमानतळावर शोभले असते. माझ्या शेजारी बसलेल्या परीक्षकांनी तिला सहज विचारले, की तुमच्या गावच्या स्टँडवर लोक गाडी कशी ओळखतात. ती क्षणभर थांबली, मग पिशवीतून एक लहान वही काढली आणि पुढे बोलत राहिली.

वहीत तिने गेल्या काही महिन्यांत स्टँडवर बसून केलेली रेखाटने होती, काही तर तिकिटांच्या मागच्या बाजूला काढून चिकटवलेली. गाडी फलाटाला तोंड करून लागते. त्यामुळे पुढच्या काचेवरची पाटी वाचता येते ती गाडी वळून उभी राहिल्यावर, आणि तोवर जागा धरणाऱ्यांनी खिडकीतून रुमाल टाकलेले असतात. पाटीवर शेवटच्या थांब्याचे नाव मोठे आणि ‘मार्गे’ लहान अक्षरात असते. पण मधल्या गावी उतरणाऱ्या बाईला शेवटच्या थांब्याशी काही देणेघेणे नसते, तिला ‘मार्गे’च हवे असते, म्हणून ती पाटी वाचण्याच्या भानगडीत न पडता वाहकाला विचारते. चौकशीच्या खिडकीसमोरची रांग ही खरे तर त्या लहान अक्षरांची रांग आहे, हे तिने रेखाटनाखाली एका ओळीत लिहिले होते. संशोधन जर कुठे होते तर ते या वहीत होते. ही वही तिने सादर का केली नाही असे विचारल्यावर तिचे उत्तर होते, “मॅडम, ते रफ आहे.” आणि फलकांमध्ये यातले काहीच उतरलेले नव्हते.

या मुलीला पाहता येत होते, प्रश्न पडत होते, टिपून ठेवायची सवयही होती. मात्र आपण जे करतो आहोत त्यालाच संशोधन म्हणतात, त्यातून एक निष्कर्ष निघतो, त्या निष्कर्षावर अक्षराचा आकार ठरवता येतो आणि हे सगळे चार लोकांपुढे क्रमाने मांडता येते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तेवढे सांगण्यासाठी चार वर्षे पुरेशी आहेत.

या सवयीचे मूळ महाविद्यालयाच्या आधी आहे आणि त्याचा संबंध थेट संचालनालयाशी येतो. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, दरवर्षी राज्यभरातून मोठ्या संख्येने मुले बसतात, आणि कलेच्या शिक्षणाकडे वळणारी बहुतेक मुले याच वाटेने येतात. या परीक्षांनी खेड्यापाड्यांत चित्रकला पोहोचवली, हे त्यांचे मोठे काम आहे. पण स्मरणचित्राचा पेपर आठवून पाहावा. ‘बाजाराचे दृश्य’ किंवा ‘बस थांबा’ असा विषय येतो आणि अनेक शिकवण्यांमध्ये त्याची तयारी म्हणजे ठरावीक आकृत्या पाठ करणे असते: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्री धरलेला माणूस, पाठमोरा मुलगा, कोपऱ्यात एक झाड. मूल बाजारात न जाता बाजार काढते आणि त्याला श्रेणी मिळते. मोठेपणी हेच मूल पिंटरेस्ट उघडते तेव्हा नवे काही करत नसते. स्मरणचित्राच्या पेपरला जोडून, विषयस्थळी जाऊन केलेल्या दोन रेखाटनांची पाने मागवली, तर तपासनिसांचे काम थोडे वाढेल, पण पाहण्याची सवय शाळेतच लागेल.

कलाकाराने हात चालवावा, संशोधन हे विद्यापीठातल्या लेखनिकांचे काम, असे मानणारे ज्येष्ठ अध्यापक मला भेटतात. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगते, की आपल्या राज्यातील कलाशिक्षणाचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. १८५७ साली सुरू झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अनेक हंगाम अजिंठ्याला जाऊन राहिले आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. अंधाऱ्या लेण्यात बसून, पडलेल्या गिलाव्याची कड जशी आहे तशी दाखवत, रंगाची छटा ताडून पाहत केलेले ते काम क्षेत्रीय संशोधनच होते. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या, तरी उरलेल्या साहित्यावरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. मूळ चित्रे त्यानंतर आणखी झिजली असल्याने आज अभ्यासकांना एखाद्या आकृतीचा हात कसा वळला होता हे पाहण्यासाठी त्या नोंदींकडे जावे लागते. ते विद्यार्थी प्रबंध लिहीत नव्हते, पण त्यांची रेखाटने पुरावा म्हणून टिकली.

डिझाइनच्या शिक्षणाची गोष्टही वेगळी नाही. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला आणि ज्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्या अहवालात आपल्या साध्या लोट्यावर एक मजकूर आहे. लोट्याची स्तुती करून ते थांबत नाहीत. तो घडवायचा झाला तर काय काय तपासावे लागेल याची प्रश्नावलीच ते मांडतात. एका खेपेला किती पाणी आणायचे, ते वाहून कोण नेणार, बाई की पुरुष, डोक्यावरून की कमरेवरून, भरलेला असताना तोल कुठे जातो आणि रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो का, धातू तापतो किती, त्याला किंमत किती पडते, आणि हातात धरल्यावर तो कसा वाटतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे प्रश्न सांगते आणि घरातला तांब्या, पळी किंवा उंबरठ्याजवळचा पाट घेऊन असेच पंधरा प्रश्न लिहून आणायला सांगते. पहिले पाच सगळ्यांचे सारखे असतात, आणि दहाव्यानंतर मुले आईला विचारायला जातात. मुलाखत घेण्याचे शिक्षण तिथून सुरू होते, त्यासाठी वेगळा पेपर लागत नाही.

अक्षराच्या बाबतीत तर मराठी विद्यार्थ्याला हाताशी असलेले साहित्य इतके आहे की ते वापरले जात नाही याचे वाईट वाटते. उपयोजित कलेचा विद्यार्थी मराठी मासिकाचे शीर्षक किंवा चित्रपटाची श्रेयनामावली करतो आणि संगणकात जो फाँट असेल तो घेतो. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा आहे हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि बऱ्याचदा परीक्षकाच्याही येत नाही. राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणे मान्य केली, ही माहिती ज्याला अक्षरावर पोट भरायचे आहे त्याला तरी हवी. ती केवळ पाठ करून उपयोग नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तके काढून त्यातला टाइप भिंगाखाली पाहावा, बोरूने तेच अक्षर चार वेळा लिहावे, मग आजच्या फाँटशी ताडून पाहावे, म्हणजे वळण बोरूच्या कापावरून आले की खिळा (छपाईचे धातूचे अक्षर) ओतण्याच्या सोयीवरून, याचा अंदाज स्वतःचा स्वतः बांधता येतो. बोरूपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत अक्षराचा माग काढणारे र. कृ. जोशी आपल्याकडेच होऊन गेले; विंडोजमध्ये वर्षानुवर्षे आपण जो मंगल फाँट वापरला तो त्यांचा. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी शिकवले. त्यांचे नाव अक्षरलेखनाच्या वर्गात निघते, पण त्यांची काम करण्याची रीत वर्गात उतरत नाही.

आता श्रेयाविषयी. हा विषय आपल्याकडे ‘कॉपी करू नका’ एवढ्या सूचनेवर संपतो. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन सप्ताहात कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला दाखवल्या आणि त्या कुठल्या हे सांगितले नाही, तेव्हा राज्यभर संताप झाला, आणि तो रास्त होता. मग कंपनीला भारतीय कारागिरीचा उल्लेख करावा लागला. त्या दिवसांत कला महाविद्यालयांच्या आवारातही जोरात चर्चा चालली होती. त्याच आवारातल्या जर्नल्समध्ये वारलीच्या आकृत्या, पैठणीचे मोर आणि हिमरू कापडाची वेलबुट्टी कुठून घेतली याचा उल्लेख शोधून सापडत नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून. चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. कापशी हा तिचा एक प्रकार, आणि कान, वेणी, अंगठा ही तिच्या भागांची नावे. यातले काही माहीत नसताना ‘ट्रॅडिशनल इन्स्पिरेशन’ असे लिहून ती चप्पल पोस्टरवर चढवणारा आपला विद्यार्थी आणि मिलानचा तो कार्यक्रम यांत फरक पैशाचा आहे, पद्धतीचा नाही.

म्हणून माझी अगदी लहान सूचना अशी, की पहिल्या वर्षापासून जर्नलमधल्या प्रत्येक चित्राखाली एक ओळ सक्तीची करावी: काय आहे, कोणी केले, कुठे पाहिले, कधी पाहिले. इंटरनेटवरून घेतले असेल तर कुठल्या संग्रहातले ते मूळ ठिकाण शोधून लिहावे, केवळ संकेतस्थळाचे नाव चालणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतले असेल तर तसे लिहावे. एवढी एक ओळ लिहायला लागली की मूड बोर्डवरची चाळीस चित्रे आपोआप आठवर येतात, हा माझ्या वर्गातला अनुभव आहे, आणि उरलेल्या आठ चित्रांविषयी मुलांना काही बोलता येते.

श्रेयाच्या पुढची पायरी म्हणजे ज्यांच्याकडे आपण शिकायला जातो त्यांच्याशी वागण्याची रीत. जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे वारली चित्र कागदावर आणि जगभर गेले, पण त्याआधी आणि आजही लग्नघरातला देवचौक, त्यातली पालघाट देवी, हे विधीतले चित्र आहे आणि ते काढण्याचा मान सवाशिणींचा आहे. शैक्षणिक सहलीत पाड्यावर उतरून कोणाच्याही भिंतीचे फोटो काढायचे, चहा प्यायचा आणि बस सुटायच्या वेळी निघायचे, याला क्षेत्रभेट म्हणता येणार नाही. परवानगी कशी मागायची, नाव छापू का असे कसे विचारायचे, पैसे देण्याचा विषय कोणी आणि कधी काढायचा, झालेले काम परत जाऊन कसे दाखवायचे, हे सगळे शिकवण्याचे विषय आहेत. मघाशी अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा गौरव केला. चित्रे नीट दिसावीत म्हणून त्या कामात लावलेल्या वार्निशने मूळ भित्तिचित्रांचे नुकसान केले, हेही त्याच वर्गात सांगितले पाहिजे. अभ्यासाने अभ्यासाच्या वस्तूला इजा होऊ शकते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

साधनांची कमतरता हा आक्षेप मी ऐकून आहे. मुंबई-पुण्याबाहेरच्या महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिक्त, कपाटाला कुलूप आणि किल्ली कार्यालयात, ही स्थिती आहेच, आणि ती बदलणे संचालनालयाच्या हातात आहे. परंतु जे आहे तेही वापरले जात नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे इतक्या तऱ्हांचे आहेत, की वस्तूचा हाताशी असलेला संबंध यावर एक अख्खे सत्र त्यावर काढता येईल. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत शंभरी ओलांडलेली सार्वजनिक वाचनालये आहेत आणि त्यांच्या माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. मुखपृष्ठाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला याहून चांगले दफ्तर कुठले मिळणार? बहुतेक संग्रहालयांत सहल म्हणून नेलेली मुले तासाभरात एक चक्कर मारून उपाहारगृहात जमतात. त्याऐवजी एका मुलाला एक वस्तू द्यावी, दोन तास तिच्यापुढे बसवावे आणि मापे, साहित्य, झीज कुठे झाली आहे ते लिहून आणायला सांगावे. झिजेवरून वस्तू कशी धरली जात होती ते कळते. संचालनालयाने संग्रहालयांना एक पत्र पाठवून विद्यार्थ्यांना रेखाटनाची परवानगी सुलभ करून दिली, तर बरीच महाविद्यालये हे उद्याच सुरू करू शकतील. आज प्रत्येक प्राध्यापकाला स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत सत्र संपते.

सादरीकरणाकडे वळते. येथे अडचण भाषेपासून सुरू होते. ज्युरीच्या दिवशी विद्यार्थी पडद्यावर इंग्रजी वाक्यांनी भरलेल्या स्लाइड लावतो आणि आपल्याकडे पाठ फिरवून ती वाचतो. वाक्ये त्याची नसतात, उच्चारांची धास्ती असते, आणि पहिलाच प्रश्न आला की तो गप्प होतो. त्यालाच जेवणाच्या सुट्टीत मराठीत विचारा, तो रंग का बदलला, कागद कुठून आणला, प्रेसवाल्याने काय सांगितले, सगळे क्रमाने सांगतो. कुठल्याही अभ्यासक्रमात सादरीकरण इंग्रजीतच हवे असा नियम मी वाचलेला नाही, ती रूढी आहे. मुंबईतल्या एजन्सीत पुढे इंग्रजीत बोलावे लागेल, हे कारण खरे आहे आणि त्यासाठी इंग्रजी जरूर शिकवावे. मात्र ज्याला एका भाषेत मुद्दा मांडता येत नाही त्याला दुसऱ्या भाषेत तो मांडता येईल, ही अपेक्षा फोल आहे. चित्रकार धुरंधरांनी ज. जी. मधल्या आपल्या एक्केचाळीस वर्षांच्या आठवणी मराठीत लिहिल्या. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी चित्राच्या अवकाशाविषयीचे अत्यंत अमूर्त विचार मराठीत लिहिले आणि त्यांच्या डायऱ्यांत चित्र कसे घडत गेले ते पाहायला मिळते. मराठीत हे बोलताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते वाचावे. नियमपुस्तिकेत ‘सादरीकरण मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत करता येईल’ असे एक वाक्य घातले तर त्याचा खर्च शून्य आहे.

भाषेनंतर क्रम. आपले विद्यार्थी सादरीकरणाची सुरुवात कंपनीच्या स्थापनेपासून करतात आणि दिलेल्या दहा मिनिटांपैकी सात संपल्यावर कामापाशी येतात. प्रश्न आधी सांगावा, मग काय पाहिले, मग त्यावरून काय ठरवले, आणि काय करून पाहिले व का टाकून दिले, हा साधा क्रम त्यांना कोणी घालून दिलेला नाही. टाकून दिलेले रफ तर घरीच राहतात, कारण डिस्प्लेच्या भिंतीवर फायनलच लावायचे अशी शिस्त आहे. परीक्षकाला मात्र सर्वांत जास्त कळते ते टाकलेल्या कामावरून.

कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीचे चित्रकथी सांगणारे ठाकर कलावंत पाहिले की मला नेहमी ज्युरीची आठवण होते. चित्र समोर धरलेले असते, कथा गळ्यातून येत असते, आणि प्रसंग पालटला की चित्र बदलते. जे डोळ्यांना दिसते आहे तेच पुन्हा शब्दांत वाचून दाखवण्याचा उद्योग कोणी करत नाही. कोणत्या वाक्याला चित्र बदलायचे हे त्यांना पक्के माहीत असते. आपल्या स्लाइडवरचा मजकूर काढून टाकला आणि चित्र व बोलणे यांचा असा मेळ बसवायला सांगितला, तर सादरीकरणाचा निम्मा पाठ तिथेच होईल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना अशा कलावंतासमोर एक दुपार बसवावे, आणि अर्थातच कलावंताला त्याचे मानधन वेळेवर द्यावे. मानधनाची बिले सहा महिने अडकतात हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

परीक्षकांविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. आपण ज्युरीत काय विचारतो यावर विद्यार्थी काय करतो हे ठरते. ‘हा निळा जरा गडद हवा होता’, ‘माउंट नीट कापलेला नाही’, ‘लोगो अजून मोठा चालला असता’ असेच शेरे आपण मारत राहिलो तर विद्यार्थी पुढच्या वर्षी माउंट नीट कापून आणतील आणि बाकी सर्व तसेच राहील. ‘हे तुला कसे कळले?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारला जाईल, असे आधीपासून जाहीर असेल तर वर्षभराच्या कामाचा रोख बदलतो. शक्य असेल तिथे ज्युरीत एक जागा त्या वस्तूच्या वापरकर्त्याला द्यावी. एसटीच्या फलकांसाठी एखादा वाहक, औषधाच्या वेष्टनासाठी परिचारिका, पाठ्यपुस्तकातल्या चित्रांसाठी जिल्हा परिषद शाळेची बाई. त्यांना गुण देण्याचा अधिकार नसला तरी चालेल. त्यांच्यासमोर उभे राहून बोलताना ‘टार्गेट ऑडियन्स’ हा शब्द विद्यार्थ्याच्या तोंडून निघणार नाही.

अध्यापकांची बाजूही मांडते. आमच्यापैकी बहुतेकांना हे कोणी शिकवलेले नाही. आम्ही जी. डी. आर्ट या पदविकेच्या किंवा जुन्या बी. एफ. ए. या पदवीच्या मुशीतून आलो, जिथे सर मागे उभे राहून चित्रात दोन फटकारे मारायचे आणि ते पाहून शिकायचे. त्या परंपरेने हात घडवले, यात शंका नाही. पण आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह पदवीची तरतूद आली आहे आणि २०२३ मध्ये ज. जी. च्या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक तिथे आली आहे. अशा वेळी ‘संशोधन पद्धती’ नावाचा समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातून उचललेला पेपर, त्यातल्या गृहीतक आणि नमुना निवडीच्या व्याख्यांसह, कलेच्या मुलांच्या माथी मारला जाण्याची भीती मला जास्त वाटते. तो पेपर मुले गाइड वाचून पास होतील आणि एसटी स्टँडवरची वही पिशवीतच राहील. आपल्या क्षेत्राचे संशोधन रेखाटनातून, मापातून, साहित्य हाताळण्यातून आणि माणसांशी बोलण्यातून होते. त्याची पद्धत आपणच लिहिली पाहिजे, आणि ती लिहिण्यासाठी अध्यापकांची कार्यशाळा सत्र सुरू होण्याआधी घेतली पाहिजे, सत्राच्या मध्यावर नव्हे.

गुणांविषयी माझा प्रस्ताव असा. प्रत्येक वर्षी, प्रत्येक स्टुडिओ विषयाच्या शंभर गुणांपैकी तीस गुण जर्नल आणि तोंडी मांडणीला राखावेत, आणि जर्नल हाताने लिहिलेले, तारखा घातलेले, टाकून दिलेल्या कामासह असावे. पहिल्या वर्षी एक वस्तू, दुसऱ्या वर्षी एक कारागीर किंवा एक कार्यशाळा, तिसऱ्या वर्षी एक जागा आणि तिथली माणसे, आणि चौथ्या वर्षी विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न, अशी चढण असावी. रंगकला आणि शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना यातून वगळू नये. त्यांचा प्रश्न बाजारातला नसेल, रंगद्रव्याचा किंवा प्रकाशाचा असेल, पण तोही पाहूनच सुटतो. तीस गुण जास्त वाटत असतील तर वीस ठेवा, पण ते अंतिम वर्षापुरते ठेवू नका.

संचालनालयाच्या स्वतःच्या कक्षेतली एक गोष्ट तर याच वर्षी करता येईल. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात निवडलेल्या प्रत्येक कामाशेजारी त्याचे जर्नल उघडून ठेवावे, आणि पारितोषिकप्राप्त विद्यार्थ्यांना उद्घाटनाच्या भाषणांतून दहा-दहा मिनिटे काढून देऊन आपले काम प्रेक्षकांसमोर मांडू द्यावे. प्रदर्शनाच्या प्रवेशअर्जात ‘काम कसे घडले’ यासाठी एक पान जोडावे लागेल, एवढाच बदल आहे.

अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. पहिल्या दोन सत्रांसाठी वर्गात वापरून पाहिलेल्या कृतींचा आणि गुणदानाच्या निकषांचा मराठी मसुदा माझ्याजवळ तयार आहे. मंडळाने मागितल्यास तो विनामूल्य देईन आणि त्यावर चर्चेसाठी सांगाल त्या ठिकाणी येईन. मसुद्यातले जे पटणार नाही ते लेखी कळवावे, म्हणजे सत्र सुरू होण्याआधी त्यात दुरुस्ती करता येईल.

आपली विश्वासू,
एक अभ्यागत अध्यापक व बहिःस्थ परीक्षक